रोलची पहिली दोन चित्रं

माझ्या बायकोचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मुलीच्या फोनमध्ये आहेत, पुतण्याच्या फोनमध्ये आहेत, मुलीच्या लग्नाची सीडी आहे, नातेवाइकांकडच्या एका बारशाची आहे. पण त्यांतल्या एकातही ती हलत नाही.

असं सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारा कोड्यात बोलतोय. तसं काही नाही. पाथरीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता, आणि लग्न होऊन आली तशी ती माझ्याबरोबर स्टुडिओत उभी राहिली. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवणं, पोरांचे केस विंचरणं, बायांच्या डोक्यावरचा पदर सारखा करणं ही सगळी तिची कामं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला की ती बाजूला उभी राहून दम द्यायची, "आता हालू नका बगा. पापणी बी हालवू नका." तिचा सूर असा होता की कचेरीतले मोठे साहेबसुद्धा श्वास धरून बसायचे.

सगळा जन्म हे बोलण्यात गेला आणि ते तिच्याच अंगात शिरलं. कुणीही समोर फोन धरला की ती ताठ व्हायची. हनुवटी जरा खाली, हात मांडीवर, नजर समोर. जेवताना धरला तर घास तसाच बोटांत. मुलगी वैतागायची, "आई, ह्यो फोटो न्हाई, व्हिडिओ हाय. बोल की काहीतरी." ही ओठ न हलवता म्हणायची, "काढ लवकर." फोन खाली गेला की मग बोलणं सुरू, हातवारे सुरू, माझी उणीदुणी काढणं सुरू. ते कुणाकडेच नाही.

मुलीच्या लग्नात व्हिडिओवाल्याचा दिवा तिच्यावर पडला तेव्हा ती अक्षता टाकायच्या बेतात होती. मूठ वर उचललेली. ती तशीच थांबली. आजूबाजूचे अक्षता टाकतात, टाळ्या वाजवतात, एकमेकांना ढकलतात, आणि ही मूठ धरून उभी. दिवा पुढे सरकल्यावर तिनं अक्षता टाकल्या असतील. सीडीत तोवर नवरदेवाचा मामा आलेला आहे.

ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. आम्ही लिंगायत, आमच्यात मयताला बसवून नेतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडी घालून मखरात बसवलेली. पुतण्यानं त्याचाही व्हिडिओ काढला. मला राग आला नाही. धंद्यात असताना असे फोटो काढायला मी स्वतः कितीतरी घरी गेलो आहे. त्या व्हिडिओत टाळ वाजतात, मुलगी रडते, मी कुणाच्या तरी खांद्याला धरून उभा आहे. सगळे हलतात. ती मात्र बाकीच्या सगळ्या व्हिडिओंत आहे तशीच आहे. पुतण्याच्या फोनवर बोटानं एकेक व्हिडिओ सरकवत गेलं तर बारशाचा कुठला आणि हा कुठला ते क्षणभर कळत नाही. ते मला सहन होत नाही. तिला एकदा, एकदाच, हलताना पाहावं, एवढीच माझी इच्छा होती.

स्टुडिओ कधीच बंद झाला होता. लोकांच्या खिशात फोन आले, मग मी झेरॉक्सचं मशीन टाकलं, मग तेही देऊन टाकलं. पुढची खोली स्टुडिओची, मागे दोन खोल्या राहायच्या. घर मोठं नाही, पण एकट्याला फार होतं. सकाळी चहा करायचा, भाकरी शेजारणीकडून येते ती खायची, आणि दिवस समोर उभा राहतो. बोलायला कुणी नसलं की आपला आवाज घोगरा होतो हे मला माहीत नव्हतं. दुधवाल्याला 'आज अर्धाच दे' म्हणायला तोंड उघडलं तर आधी खाकरावं लागायचं.

मुलीनं मला एक फोन दिला होता. त्यावर मी जुने कॅमेरे बघत बसायचो. लोक भजनं ऐकतात, मी कॅमेरे बघायचो. त्यातून एक दिवस मी त्या लोकांपाशी पोचलो, ज्यांनी फोटो पहिल्यांदा हलवला. त्यांची इंग्रजी-फ्रेंच नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्यांना माझ्यापुरती नावं दिली.

पहिला घोडेवाला. एका श्रीमंत माणसाला घोड्यांचा नाद होता. पळताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हे त्याला पाहायचं होतं आणि डोळ्याला तर ते दिसत नाही. मग या फोटोवाल्यानं वाटेच्या कडेनं कॅमेऱ्यांची रांगच मांडली आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा दोरा वाटेवर आडवा बांधला. घोडा पळत सुटला, एकेक दोरा तुटत गेला आणि एकेक फोटो निघत गेला. चारही पाय सुटतात, हे त्यात दिसलं.

दुसरा बंदूकवाला. हा डॉक्टरकीतला माणूस. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख कसे हलतात ते बघायचं म्हणून त्यानं बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा केला. नेम धरायचा, चाप ओढायचा, की आत काच गोल फिरून पक्ष्याची एकापाठोपाठ एक चित्रं. पक्षी मरत नाही, चित्रं देऊन उडून जातो. हा माणूस मला फार आवडला.

तिसऱ्याला मी गाडीतला म्हणतो. यानं सासऱ्याच्या घरच्या बागेत आपली माणसं गोल गोल चालवली आणि ती धरून ठेवली. फार थोडं आहे ते, बघता बघता संपतं. त्यात त्याची सासू आहे. ती बाई मागे मागे पावलं टाकत वळते, झगा फिरतो, आणि मग पहिल्यापासून सुरू. हे काढलं आणि काही दिवसांतच ती वारली. पुढे तो माणूसही एकदा आगगाडीत बसला तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही, त्याची पेटीसुद्धा सापडली नाही. त्याची मला हळहळ वाटली. पण त्याहून जास्त मला त्याच्या सासूचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू! कुठली कोण परमुलखातली म्हातारी, ती अजून माझ्या फोनवर चालते आहे, आणि माझी बायको मूठ धरून उभी आहे.

पुढे ते दोघे भाऊ आले, ज्यांच्या नावानं सिनेमा सुरू झाला असं सगळे सांगतात. त्यांचा बाप आमच्याच धंद्यातला, फोटो स्टुडिओवाला. शिवणाचं मशीन कापड जसं थांबवत थांबवत पुढे ढकलतं, तसा त्यांनी रोल पुढे ढकलला. ते वाचलं आणि मी बसल्या जागी मांडीवर थाप मारली. म्हणजे हलणं असं वेगळं काही नसतंच. थांबलेलीच चित्रं असतात. ती भराभर डोळ्यापुढून गेली की माणूस चालायला लागतो. उभा जन्म थांबलेली चित्रं काढण्यात गेला, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग हात स्वस्थ बसेनात. या सगळ्यांच्याही आधीचं एक खेळणं होतं. गोल डबा, त्याला उभ्या भेगा, आत चित्रांची पट्टी. डबा फिरवायचा आणि भेगांतून बघायचं. मी तुपाचा रिकामा डबा घेतला, पत्र्याचं काम करणाऱ्याकडून त्याला भेगा पाडून आणल्या, बाहेरून काळा रंग दिला आणि सायकलच्या चाकाच्या आसावर बसवला. छान फिरायला लागला. आता चित्रं कशाची? पाथरीत मला घोडा कोण देणार? शेजारणीची शेळी होती. मी ओट्यावर गुडघे टेकून, शेळीला पाला दाखवून उड्या मारायला लावत भराभर फोटो काढत होतो, तेवढ्यात शेजारीण बाहेर आली. जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, शेळीचं आधार कार्ड काढायलाव का?"

शेळी डब्यात उडाली. खरंच उडाली. मी शेजारणीला बोलावून दाखवलं तर ती भेगेला डोळा लावून लहान पोरीसारखी हसली. मीही हसलो. ती गेल्यावर मी डबा फिरवत बसलो आणि मला एकदम रडू आलं, कारण हे दाखवायला घरात जे माणूस हवं होतं ते नव्हतं.

आपल्याच मराठी मुलखातल्या एका माणसाबद्दल मग मी वाचलं. त्यानं म्हणे कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता त्याची थोडी थोडी चित्रं काढत राहिला. सगळी एकत्र चालवली तर वाटाणा डोळ्यादेखत उगवला, वर आला, वाढला. म्हणजे चित्रं एका दमात काढलेली असावी लागत नाहीत. रोज एक असलं तरी चालतं. हे डोक्यात गेलं आणि मला आमच्या रोलची पहिली दोन चित्रं आठवली.

ज्यांनी फक्त फोनवर फोटो काढले त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्यात नवा रोल घातला की त्याचं सुरुवातीचं टोक उजेड खाल्लेलं असतं. म्हणून झाकण लावल्यावर दोनदा खटका दाबून रोल पुढे घ्यायचा आणि मग गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा. ही दोन चित्रं फुकटची. त्यातलं पहिलं बहुधा जळकं निघतं, दुसरं बऱ्यापैकी येतं. आमचा कॅमेरा स्टँडवर असायचा, तोंड खिडकीजवळच्या स्टुलाकडे. गिऱ्हाईक नसलं की बायको त्याच स्टुलावर बसून खिडकीच्या उजेडात फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं भरायची. मी रोल बदलून दोनदा खटका दाबायचो आणि त्यात ती यायची. ही चित्रं वाया जाणारी आहेत हे तिला माहीत होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे ती कधी ताठ झाली नाही. कुंचला ओठांत धरलेली, सुईत दोरा ओवणारी, चहा ओतणारी, माझ्याकडे हात करून भांडणारी. सगळ्या जगात तेवढ्या एका खटक्याला ती भ्यायली नाही.

रोल धुऊन दोरीवर वाळत घातला की टोकाला ती दिसायची. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं. त्यामुळे तिचे केस पांढरेशुभ्र, तोंड काळंभोर. मी चिडवायचो, "म्हातारी झालीस बघ." ती म्हणायची, "तुमच्या घरात आल्यावर दुसरं काय व्हनार!" आणि कात्री घेऊन ते टोक कापून टाकायची.

कापायचीच. कारण निगेटिव्ह आम्ही गिऱ्हाइकाला पाकिटात घालून देत असू, आणि आपलं तोंड परक्याच्या घरी जाणं तिला पटत नव्हतं. मी एकदा म्हणालो, कोण बघतंय निगेटिव्ह उजेडात धरून. तर म्हणाली, "कोन बगो न बगो. माजं तोंड दुसऱ्याच्या कपाटात कामून ऱ्हावं?" त्या काळातल्या बाईचं हे बोलणं, आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. कापलेला तुकडा ती अंघोळीच्या बंबात टाकायची, घाणेरडा वास सुटायचा.

पण माणूसच आहे, कधी तरी चुकली असेल. कधी घाईत असेल, कधी मुलगी रडत असेल, कधी एखादं टोक राहून गेलं असेल. स्टुडिओच्या माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या होत्या, लोकांनी कधी नेलीच नाहीत अशा पाकिटांच्या. पंचवीस पासपोर्ट फोटो काढून गायब झालेले, लग्नाचे फोटो घ्यायला न आलेले, सगळे त्यात. मी पेट्या खाली काढल्या. तिच्या कात्रीतून सुटलेली पंधरावीस चित्रं मिळाली तरी डबा भरणार होता, आणि ती त्यात कुंचला खाली ठेवून, मान वर करून, माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. काय बोलते ते ऐकू येणार नाही, हे मला मान्य होतं.

खिडकीला पांढरा कागद लावून मी एकेक पट्टी उजेडात धरत गेलो. दिवसचे दिवस हेच काम. किती लोक भेटले! गेलेले किती, मोठे झालेले किती. पण प्रत्येक रोलचं पहिलं टोक कापलेलं. सरळ, पट्टी लावून कापावं तसं. त्या हाताला मी ओळखत होतो. तो हात शिवणात चुकला नाही, भाकरीत चुकला नाही, तो इथे तरी का चुकावा? पहिल्यांदा मला तिचं कौतुक वाटलं, मग हळूहळू राग यायला लागला. "एक तरी ठेवायचं होतंस," असं मी मोठ्यानं म्हणालो. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून दचकायला झालं.

मग मला वाटलं, लोकांच्या घरी गेलेल्या पाकिटांत बघावं. पोखर्णीच्या एका शेतकऱ्याच्या घरातलं लग्न मी आणि तिनं मिळून केलं होतं, तेव्हा ती बरोबर आली होती. बस बदलत बदलत गेलो. नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि विचारत विचारत घर काढलं. त्या लग्नातली नवरी आता आजी झालेली. तिनं कपाट उघडून पाकीट आणून दिलं, जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. पट्ट्यांची टोकं इथेही कापलेलीच होती. मी काय शोधतोय ते सांगितल्यावर त्या बाईनं पट्ट्या जपून पाकिटात घातल्या. मग म्हणाली, "लय मायेच्या होत्या. माज्या मुंडावळ्या त्यांनीच सारख्या केल्या. अन् मला म्हन्ल्या, आता रडून घे, फोटूच्या टायमाला रडू नको." हे मला माहीत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून तेच घोकत आलो. तिचं एक नवीन वाक्य मिळालं होतं, पण चित्र मिळालं नव्हतं.

दुसऱ्या पेटीच्या तळाशी मला ती पट्टी सापडली. टोक कापलेलं नव्हतं. उजेडात धरली तर जळक्या चित्रानंतर दुसरं चित्र स्वच्छ होतं. खिडकी, स्टूल, स्टुलावरची तिनं शिवलेली गादी. स्टुलावर कुणी नाही.

पुन्हा एक सापडली. त्यातही स्टूल रिकामं. मग एकामागून एक अशा दहाबारा. मी त्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की यांचे तुकडे तिरपे कापलेले आहेत. तो माझा हात. कात्री माझ्या हातात कधी सरळ चालली नाही. म्हणजे रोल मी धुतला, मी कापला, आणि सुरुवातीचं टोक तसंच राहू दिलं, कारण त्यात कुणाचं तोंडच नव्हतं. ती पंचमीला किंवा दिवाळीला चारठाण्याला माहेरी गेली की स्टुडिओ मी एकटा चालवायचो. हे ते दिवस.

मी पेट्या बंद केल्या आणि तसाच जमिनीवर बसून राहिलो. एवढ्या वर्षांतून तिनं स्वतःला काढून टाकलं होतं, आणि माझ्या हाती नेमके ते दिवस ठेवले होते ज्या दिवशी ती नव्हती. नशिबानं माझी चेष्टा करावी तर किती करावी! त्या दिवशी मी जेवलो नाही. शेजारीण भाकरी घेऊन आली तिला दारातूनच परत पाठवलं.

पण पट्ट्या फेकून देववेनात. काही दिवसांनी मी त्यांचे फोनवर फोटो काढले, पांढऱ्याचं काळं करून घेतलं आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. डब्याच्या भेगांना पुरतील एवढी चित्रं झाली. चिकटवून पट्टी केली आणि डब्यात घातली.

फिरवलं तर स्टूल नाचायला लागलं. ती असली की स्टूल एका जागी असायचं, फरशीवरच्या खुणेवर. ती नसली की गिऱ्हाईक उठताना सरकवायचं ते मी तसंच ठेवायचो. म्हणून ते इकडून तिकडे उड्या मारतं. खिडकी मिचमिचते, पंचमीच्या ढगाळ उजेडाची चित्रं आणि दिवाळीच्या उन्हाची चित्रं एकापाठोपाठ एक येतात. एका चित्रात स्टुलावर माझं जेवलेलं ताट आहे. ती असती तर माझी खैर नव्हती. एकात मांजर बसलं आहे. मी भेगेला डोळा लावून बघत राहिलो आणि मला तो माणूस आठवला, ज्यानं हे फोटो काढले. तो काही दुःखी नव्हता. चार दिवस मोकळा सुटल्यासारखा होता. हॉटेलातून चहा मागवायचा, मित्रांना बोलावून खिडकीत बसून गप्पा हाणायचा. चारठाण्याची जीप कधीही गल्लीच्या तोंडाशी थांबेल, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन ती उतरेल आणि आल्या आल्या स्टूल जागेवर सरकवील, हे त्याला इतकं पक्कं माहीत होतं की त्यानं तिचा विचारसुद्धा केला नव्हता. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

दिवाळीनंतर मुलगी पुण्याहून आली. एकटीच आली, नवऱ्याला सुट्टी नव्हती. तिनं डबा पाहिला आणि विचारलं, "अप्पा, हे काय करायलाव तुमी?" मी आधी शेळी दाखवली. तिला मजा वाटली. मग तिनं दुसरी पट्टी पाहिली आणि तीच घालायला सांगितली. मी म्हणालो, त्यात काही नाही, राहू दे. ती ऐकेना. मग घातली.

तिनं डोळा लावला, डबा फिरवला. थांबला की पुन्हा फिरवला. स्टूल तिनं ओळखलं. लहानपणी त्यावर उभं राहण्यावरून तिनं आईचा मार खाल्ला होता. मी तिला सगळं सांगितलं. कात्रीचं, बंबाचं, पोखर्णीचं, माहेरच्या दिवसांचं. ती डोळा न काढता ऐकत होती.

"म्हंजे ह्यात आई न्हाईच," ती म्हणाली.

"न्हाई," मी म्हणालो. "पण ह्या समद्या दिवशी ती व्हती."

मुलीनं डोळा काढला. तिचं नाक लाल झालं होतं. मग तिनं पर्समधून फोन काढला. मला वाटलं, डब्याचा व्हिडिओ काढणार, नवऱ्याला दाखवायला. मी डब्याला हात घालून फिरवला आणि मध्ये येऊ नये म्हणून बाजूला सरकलो. फोन डब्याकडे वळला नाही. तो माझ्यामागे आला.

"डबा ऱ्हाऊ द्या अप्पा," ती म्हणाली. "दारापासून हितवर चालत या."

"कामून?" मी विचारलं, आणि विचारता विचारता मला कळलं. तिच्याकडे आईचं हलतं-बोलतं असं काही नव्हतं. आता राहिलो होतो मी एकटाच.

मी दाराशी गेलो. आयुष्यभर लोकांना कसं बसायचं, हात कुठे ठेवायचा, बघायचं कुठे ते मी सांगितलं, पण चालताना हातांचं काय करायचं ते मला सुचेना. धोतराचा सोगा सारखा केला. खिडकीतून दुपारचा उजेड चांगला येत होता, उजेड चांगला आहे एवढं मी पाहून घेतलं. मग निघालो. गुडघा दुखत होता, तरी लंगडलो नाही. अर्ध्यात आल्यावर वाटलं काही बोलावं, म्हणून म्हणालो, "जेवलीस का?"

ती फोनमागे रडत होती. हात मात्र हलू दिला नाही तिनं.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. "जरा हळू या."

मी परत दाराशी गेलो.